हाडाच्या कडेपासून एक बोट

अप्पा,

या उन्हाळ्यात हैदराबादेत माझी छाती उघडली आणि आतली ती शिरयान, म्हणजे धमनी, तुम्ही दुकानाच्या गादीवर बसून मला वाचून दाखवलेली, तिच्या जागेवरून सोडवून हृदयाला जोडली. डावीकडची. ऑपरेशन करणारा डॉक्टर माझा नातू शोभेल अशा वयाचा होता. आदल्या दिवशी कॉटच्या कडेला बसून, कागदावर चित्र काढून तो मला समजावत होता, की अम्मा, छातीच्या मधल्या हाडामागून दोन्ही बाजूंनी एकेक रक्तवाहिनी खाली उतरते, हृदयाची स्वतःची वाट बुजली की आम्ही त्यातली एक वळवून घेतो, तिच्यावाचून छातीचं फारसं अडत नाही. मी कोण, आयुष्यभर काय केलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. भाचीने सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. चांगलं समजावत होता तो, मन लावून, आणि मला ते पहिल्यापासून ऐकायचं होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, की खालचं टोक नीट बंद करता ना. तो हसत हो म्हणाला, उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून वळून त्याने माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

आता परभणीत घरी आहे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, जड उचलायचं नाही आणि रोज चालायचं, असं सांगितलंय. चालते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेले, आता स्टेशनच्या रस्त्यापर्यंत जाते आणि परत येते. दम लागतो तिथे थांबते, पण वळत नाही. चालताना तुमच्याशी बोलणं होतं, म्हणून म्हटलं लिहावं. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तिथेच होतात. पण तुम्ही ते तुमच्या जागेवरून पाहिलं, मी माझ्या, आणि त्यावर आपण दोघं एकदाही बोललो नाही.

झरीत आपलं कापडाचं दुकान रस्त्याला होतं आणि घर मागे. तुमचे थोरले भाऊ, आमचे मोठे अप्पा, शेती बघायचे आणि घरात त्यांचा शब्द चालायचा. तुम्ही दुकानात, हातात गज घेऊन. आई गेली तेव्हा मी लहान होते, पण कळण्याइतकी मोठी होते. बाळंतपणानंतर तिच्या छातीत गाठ धरली, ती पिकली, ताप चढत गेला. परभणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, पण पुरुष. मोठी आई, म्हणजे मोठ्या अप्पांची बायको, म्हणाली की परक्या बाप्याला उघडी छाती कशी दाखवायची. आईही नाहीच म्हणाली. तुम्ही गाडी जुंपून दारात आणून उभी केली होती. ती गाडी संध्याकाळपर्यंत तशीच उभी होती आणि मग तुम्ही बैल सोडले, एवढं मला आठवतं. आई गेली आणि तिच्यामागोमाग बाळही. त्यानंतर मला शाळेतून काढायची गोष्ट निघाली की मान वर न करता म्हणायचात, "ती शिकायलीय. शिकू द्या." तसं करत झरीची शाळा संपली, परभणीची संपली आणि मोठ्या अप्पांशी तुमचं बोलणं जवळजवळ बंद झालं त्या वर्षी तुम्ही मला हैदराबादच्या मेडिकल कॉलेजात नेऊन सोडलंत. निघताना दुकानातल्या सगळ्यात चांगल्या लठ्ठ्याचे दोन पांढरे कोट शिवून दिलेत. माप न घेता शिवलेले ते कोट मला गुडघ्याच्या खाली येत होते. वाढशील, म्हणालात. माझं वाढायचं वय तेव्हा सरलं होतं.

निजामाचं राज्य, तिथं सगळं उर्दूतून. हाडं, स्नायू, शिरा, सगळ्यांची नावं अरबी वळणाची, तासाला मास्तर भरभर बोलायचे आणि आम्हा तीन-चार मुलींचा बाक बाजूला, भिंतीशी. परभणीच्या बाजारात चालणाऱ्या माझ्या उर्दूचा तिथे पाड लागेना. मढ्याची मला भीती वाटली नाही, पुस्तकाची वाटली. पहिल्या सुटीत घरी यायला निघाले तेव्हा परत जायचं नाही असं ठरवूनच निघाले. स्टेशनवर तुम्ही बैलगाडी घेऊन आला होतात. गाडी गावाबाहेर पडताच मी सांगून टाकलं, की मला हे जमणार नाही, ती भाषा माझी नाही. तुम्ही बैल हाकत राहिलात. मला वाटलं, सुटले.

मग तुम्ही बैल थांबवलेत आणि मागे वळून बसलात. "मला अलिफ-बे कवा आली ठाऊक हाय का तुला?" तुम्ही म्हणालात. "तुझा जनम झाल्यावर. कचेरीत कागद उलटा धरला होता मी. सगळे कारकून हसले. दुसऱ्या दिवशी मौलवीसायबाकडं जाऊन पोरासोरांत बसलो. तुला कोन हसतंय का तिथं?"

मी म्हटलं, हसतात.

"मग झालं की. निम्मं काम त्येनीच करून ठिवलंय," तुम्ही म्हणालात आणि बैलांना हाकलंत. इतकं कठोर तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हतात. मी झरी येईपर्यंत रडले आणि तुम्ही झरी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तुम्ही दुकानातून हाक मारलीत आणि म्हणालात, पुस्तक आण.

त्या दुपारी अजून तशाच दिसतात मला. तुम्ही गादीवर मांडी घालून बसला आहात, कपाळावरची विभूती घामाने पुसट झाली आहे, पुस्तक मांडीवर उघडं. मी समोर. तुम्ही वाचता, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत, पण अर्थ न कळता. मी ऐकते, कागदावर हाड काढते, आणि कळलेलं तुम्हाला मराठीत सांगते. तुम्हाला अक्षर येत होतं आणि मला आतला माणूस माहीत होता. दोघांचं मिळून ते पुस्तक वाचून होत होतं. मध्येच कुणी लुगडं बघायला आलं की तुम्ही पानात बोट घालून उठायचात, गजाने मोजून द्यायचात आणि परत त्याच ओळीवर येऊन बसायचात.

छातीच्या शिरयानचं पान असंच आलं. पुस्तकात तिचं नाव लांबलचक होतं, आपण तिला नुसती शिरयान म्हणायला लागलो. हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीपासून ती गळ्याच्या मुळाशी निघते आणि बरगड्यांच्या मऊ टोकांच्या मागून सरळ खाली येते, मधल्या हाडाच्या कडेपासून एक बोट अंतर ठेवून. मी तुमच्याच छातीवर बोट टेकवून दाखवलं. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीला माझा हात लागला म्हणून मी मागे घेतला, तर तुम्ही डबी स्वतःच बाजूला धरलीत आणि म्हणालात, दाव. वाटेत ती दोन्हीकडे फांद्या देते, बरगड्यांच्या मधल्या जागांना, हृदयाच्या पिशवीला, खालच्या पडद्याला. सहाव्या बरगडीशी तिचे दोन भाग होतात आणि त्यातला एक पोटाच्या भिंतीत उतरून जांघेकडून वर येणाऱ्या धमनीला जाऊन मिळतो. तुम्ही थांबून विचार केलात. म्हणालात, म्हंजे हिला वरनं बी पानी येतंय आन खालनं बी. मी हो म्हटलं. मग ती बरगड्यांच्या आत, पण फुफ्फुसाच्या पातळ पडद्याच्या बाहेर, अशी दोहोंच्या मधून कशी जाते हे मला नीट सांगता येईना. तुम्ही शेजारच्या ढिगातली एक चोळणी, नाडीची आखूड विजार, उचललीत, तिचा नेफा माझ्यापुढे धरलात आणि आतली नाडी बोटाने वर सरकवून दाखवलीत. वर कापड, खाली अस्तर, मधून नाडी. पुढे कितीतरी विद्यार्थ्यांना मी तसंच शिकवलं.

त्याच पानाच्या शेवटी एक ओळ होती. या शिरयानच्या काही फांद्या बरगड्यांमधून पुढे येऊन स्तनाला जातात आणि बाळाला पाजणाऱ्या बाईच्या छातीत त्या मोठ्या होतात. तुम्ही ती ओळ इतर ओळींसारखीच वाचलीत. उर्दू शब्द होते, तुम्हाला कळले नसावेत असं मला वाटलं आणि मी अर्थ सांगायचं टाळलं. पण ते शब्द काही अरबी नव्हते. दूध, माँ, बच्चा, असलेच साधे होते. तुम्ही पुस्तक मिटलं नाहीत. चष्मा काढलात, उपरण्याने पुसलात, खूप वेळ पुसलात. मग म्हणालात, "म्होरचं पान काढू का?" मी म्हटलं, काढा.

त्याच सुटीत स्वयंपाकघराचं झालं. मी कॉलेजात मढी फाडते हे मोठ्या अप्पांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी सांगितलं की ही चुलीपाशी यायची नाही, हिचं ताट बाहेर ओसरीवर. मोठ्या आईने मान खाली घालून माझं ताट बाहेर आणून ठेवलं. तुम्ही जेवत होतात. उठलात, स्वतःचं ताट उचललंत आणि माझ्या शेजारी येऊन बसलात. मोठे अप्पा दारात आले तेव्हा तुम्ही त्यांना शांतपणे विचारलंत, की दादा, आपन लिंगायत, आपल्यात मेल्याचं सुतक धरत न्हाईत. मग मढ्याचा इटाळ आपल्या घरात आला कुठून? ते आत वळले, पण हुकूम काही त्यांनी मागे घेतला नाही. माझं शिकून होईपर्यंत प्रत्येक सुटीत आपण दोघं ओसरीवर जेवलो. हिवाळ्यात भाकरी निवून जायची. तुम्ही एकदाही तक्रार केली नाहीत आणि आत जाऊनही एकदा जेवला नाहीत.

मी डॉक्टर झाले आणि परभणीच्या त्याच सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डावर लागले. लढाईचे दिवस होते, औषधं मिळायची नाहीत, पट्ट्या धुऊन उकळून परत वापरायच्या. मुख्य डॉक्टरसाहेब हैदराबादचे वयस्कर गृहस्थ होते, सज्जन, रोग्याची नाडी हातात घेतली की अर्धा आजार ओळखायचे, पण संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालेली. बायकांपलीकडचं मोठं काम माझ्याकडे यायचं नाही आणि मी मागितलंही नव्हतं.

तो दिवस बाजाराचा होता. तुम्ही दोघे भाऊ कापडाच्या गाठी सोडवायला स्टेशनच्या मालधक्क्यावर आला होतात. दुकानाचा माल होता, पण बैल मोठ्या अप्पांचे, म्हणून ते. इंजिनाने वाफ सोडली, बैल बुजला आणि जू धरायला पुढे झालेल्या मोठ्या अप्पांच्या छातीत त्याचं शिंग घुसलं. मी वॉर्डात होते. बाहेर आरडाओरडा ऐकून आले तर हमाल त्यांना फळीवर घालून आणत आहेत आणि तुम्ही शेजारून पळत आहात, दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर उपरण्याचा बोळा दाबून धरलेला. उपरणं पांढरं राहिलेलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हात काढला नाहीत.

डॉक्टरसाहेबांनी बोळा जरा उचलून पाहिला. उजवीकडे, चौथ्या बरगडीपाशी, हाडाच्या कडेपासून एक बोट. रक्त उसळून आलं आणि त्यांनी तो तुमच्या हातांखाली पुन्हा दाबला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की असलं काम इथे होत नाही, पट्टी कसून बांधू आणि संध्याकाळच्या गाडीने औरंगाबादला पाठवू. मी म्हटलं, साहेब, ते जालन्यापर्यंतही पोचणार नाहीत, बाहेर दिसतंय तेवढंच आत साठतंय. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी आपले हात माझ्यापुढे धरले आणि नुसती मान हलवली. मग विचारलं, ही शिरयान तू कधी बांधली आहेस का? मी खरं सांगितलं, की मढ्यावर, एकदाच. माणूस नात्यातला, करणारी नुकती शिकून आलेली मुलगी, काही झालं तर गाव काय म्हणेल, दवाखान्याचं काय होईल, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तुम्ही तिथूनच, हात न काढता, बोललात. आवाज चढवला नाहीत.

"सायेब, पुस्तक म्या वाचलंय. हिला ते समजलंय. ही करंल."

डॉक्टरसाहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बिस्मिल्ला करो, बेटी," ते म्हणाले आणि मोठ्या अप्पांचं मनगट हातात घेऊन डोक्याशी स्टुलावर बसले.

क्लोरोफॉर्म त्या छातीला झेपला नसता, म्हणून जागा सुन्न करायची सुई दिली. मोठे अप्पा शुद्धीवर होते. जखमेवरच लिंगाचा दोरा आलेला. नर्सबाईंनी कात्री घेतली तसा त्यांचा हात वर आला आणि ते पुटपुटले, "तोडू नका." अंगावेगळं लिंग होणं म्हणजे आपल्यात जिवंतपणी मरण, हे नर्सबाईंना कसं कळावं. तुम्ही पुढे झालात. दोरा न तोडता डोक्यावरून अलगद काढलात, डबी त्यांच्या डाव्या तळहातात ठेवलीत, दोरा मनगटाला गुंडाळलात, त्यांची मूठ मिटलीत आणि त्या मुठीवर तुमचे दोन्ही हात ठेवून खाली जमिनीवर बसलात. मी काही सांगितलं नव्हतं. छाती मोकळी झाली.

मी जखम वाढवते. चौथ्या बरगडीचं मऊ टोक कापून काढते, म्हणजे आत बोट जाईल. रक्त भरून येतं, नर्सबाई पुसतात, पुन्हा भरतं. वरचं टोक लगेच दिसतं, नाडीच्या ठोक्याबरोबर उडणारं. चिमटा लावते, रेशमी दोऱ्याने बांधते. उडणं थांबतं. डॉक्टरसाहेब शाबास म्हणतात. आणि तेवढ्यात खालून पुन्हा रक्त वर येतं, आता न उडता, शांतपणे, विहिरीत पाणी चढावं तसं. तुटलेलं दुसरं टोक आखडून खालच्या बरगडीमागे गेलेलं आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, "नब्ज डूब रही है. बस, कपडा भर दो, बंद करो." ते चुकीचं सांगत नव्हते. त्यांच्या बोटाखाली माणूस चालला होता.

मी म्हटलं, नाही. त्यांना नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. आत चाचपडायचं नाही, एवढं मला कळत होतं. चाचपडलं तर अस्तर फाटतं आणि हवा आत शिरते. तिची वाट ठरलेली आहे. रक्ताने झाकली म्हणून ती बदलत नाही. मी मधल्या हाडाच्या कडेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाचव्या बरगडीचं मऊ टोक कापलं आणि ते उचललं. त्याच्या मागे, दोन बारीक निळ्या शिरांच्या मधोमध, ती होती. ओल्या सुतासारखी. चिमटा पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा बसला. बांधली.

त्या वेळात मी एकदाच तुमच्याकडे पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. तुम्ही शिवाचं नाव घेत होतात की ते पान म्हणत होतात, हे मी पुढे कधी विचारलं नाही. पडद्याला एका जागी लहानसं भोक पडलं होतं, श्वासाबरोबर तिथून सूं सूं वाजत होतं. ओल्या गॉजचा बोळा दाबून त्यावर स्नायू शिवून घेतला. डॉक्टरसाहेब बराच वेळ मनगट धरून होते. मग म्हणाले, आहे. नुसतं तेवढंच.

बाहेर नळापाशी तुम्ही तांब्याने माझ्या हातांवर पाणी घातलंत. ते रक्त तुमच्या भावाचं होतं. मला वाटलं, तुम्ही आता काही बोलाल. तुम्ही माझी नखं बघितलीत आणि म्हणालात, "कोपरापर्यंत धू. मग जेवून घे. सकाळधरनं उपाशी हाईस."

पुढचे दिवस सोपे नव्हते. ताप आला, फुफ्फुसाभोवती पाणी झालं, ते सुईने काढावं लागलं, दोनदा मला वाटलं की हातचं जातंय. तुम्ही दुकान बंद ठेवून दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिलात. मोठी आई वॉर्डात येऊन बसायची आणि माझ्याशी बोलायची नाही, पण मी आले की उठून उभी राहायची, हे मला फार लागायचं. मग एक दिवस मोठ्या अप्पांनी स्वतः उठून बसून भाकरी मागितली आणि ती भाकरी कुस्करून खाता खाता मला विचारलं, "दोन्ही टोकं बांधलीस म्हनतीस, मग तिकडचं रगत आता कुठनं जातंय?" मी सांगितलं, बरगड्यांच्या आडव्या वाटा आहेत, पोटाकडची वाट आहे, पाणी आपली वाट काढतं. त्यांना ते पटलं. माफी त्यांनी मागितली नाही आणि ती मला नकोही होती. पण झरीत पारावर बसून ते सदऱ्याची गुंडी सोडून व्रण दाखवायचे आणि शिरयान कुठून निघते, कुठे जाते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. अर्धं चूक सांगायचे. तुम्ही दुकानातून ऐकायचात आणि दुरुस्त करायचा नाहीत. पुढच्या खेपेला मी झरीला आले तेव्हा मोठ्या आईने चुलीशेजारी दोन पाट मांडले होते. आपण दोघं आत जाऊन बसलो आणि जेवलो. पुढे त्यांची नात परभणीच्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिला माझ्याकडे सोडायला मोठे अप्पाच आले. हैदराबादला माझ्या उशाशी बसलेली भाची ती हीच.

निजामाचं राज्य गेलं आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी तुम्ही गेलात. दुपारी, दुकानात, गादीवर, गज मांडीवर असताना. मी त्या वेळी एका बाईचं पोट उघडून बसले होते. निरोप आत कुणी येऊ दिला नाही, ते बरोबरच केलं. मी झरीला पोचले तेव्हा तुम्हाला बसतं करून, विभूती लावून ठेवलं होतं, लिंग तळहातात. डॉक्टर म्हणून तुमच्याकडे बघायचं काही उरलं नव्हतं. मातीवर बेलाची पानं टाकून मी घरी आले आणि आठवड्याच्या आत वॉर्डावर परतले. रजा होती, घेतली नाही. ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईचे टाके काढायचे होते.

त्यानंतर मी जे काम केलं ते बहुतेक छोटंच होतं, अप्पा. छातीत गाठ धरलेल्या बाळंतिणी. वेळेवर चीर द्यायची, पू वाहू द्यायचा, एवढंच असतं ते, पण त्या येत नसत. मग मी जायला लागले, पिंगळी, राणीसावरगाव, कुठेही, मिळेल त्या गाडीने. दारात उभी राहून सासवांशी भांडले, नवऱ्यांना बाहेर काढलं. एका घरात माझ्यावर केरसुणी उगारली, मी तिथेच उंबऱ्यावर बसले, दुपार होईपर्यंत बसले आणि शेवटी त्यांनी आत घेतलं. किती जणी ते मोजलं नाही. सगळ्या वाचल्या असंही नाही. पण मला बोलावणं आलं आणि मी गेले नाही असं कधी झालं नाही, आणि दारात उभ्या केलेल्या गाडीचे बैल सोडायची वेळ, मी असेपर्यंत, या जिल्ह्यात कुणावर येऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. ते मी करत राहिले. हात थरथरायला लागले तेव्हा चाकू ठेवला आणि शिकवायला लागले. आता चालते आहे. डॉक्टर म्हणाला, महिनाभराने जिना चढायला हरकत नाही. मी परवाच चढून पाहिला.

हे कागद घडी करून कुठे पाठवायचे हा प्रश्न नाही. ते इथेच राहतील आणि माझ्यामागे भाची ते बघेल किंवा न बघता टाकून देईल, दोन्ही चालेल. एक मात्र कबूल करते आणि थांबते. जन्मभर तुमच्याशी मी 'तुमी' म्हणून बोलले. आईला 'तू' म्हणायचे, तशी सगळीच लेकरं म्हणतात. तुम्हाला म्हणायची आपल्या घरात रीत नव्हती. पण आई गेली त्या संध्याकाळपासून मनातल्या मनात मी तुम्हालाही 'तू'च म्हणत आले. तोंडावर म्हणायचा धीर कधी झाला नाही. आज एवढं लिहिताना वाटलं होतं, निदान कागदावर तरी म्हणेन. तेही जमलं नाही.